फ्लेक्सवरचं नाव

कौलखेडच्या चौकात ऑटो वळला आणि दीक्षाला स्वतःची पाठ दिसली.

पाठ चांगली आठ फुटांची होती. विजेच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधलेल्या फ्लेक्सवर ती हवेत आडवी पसरली होती. हात लांब ताणलेले, बोटांच्या टोकाला चेंडू, आणि सगळ्या चित्रावर गोलच्या जाळीच्या चौकटी. फोटो गोलच्या मागून काढलेला असल्यामुळं चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. जर्सीवर मात्र एक नंबर होता आणि नंबरच्या वर ठसठशीत अक्षरांत ‘करिश्मा’. खाली मजकूर होता : ‘अकोल्याची शान, गोलची जान! कु. करिश्मा अश्विन तायडे हिला अंतिम सामन्यासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.’ त्याच्याही खाली, खेळाडूपेक्षा थोडेच लहान, काळा चष्मा घातलेले शुभेच्छुक अश्विन तायडे, म्हणजे करिश्माचे वडील आणि दीक्षाचे मोठेबाबा, हात जोडून उभे होते.

ऑटोत पाच माणसं, दोन पिशव्या आणि बुंदीचा डबा होता. पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकलेले दीक्षाचे बाबा संघपाल गुरुजी, मागं आई शकुन, तिच्या सासूबाई सुंदराबाई आणि दोघी चुलत बहिणी, दीक्षा आणि करिश्मा. तिघींच्या जागेत चौघी बसल्या होत्या. अश्विनरावांच्या नव्या घराचा गृहप्रवेश आणि अंतिम सामना, दोन्ही आज अकोल्यातच होते.

“दीक्षाचं एवढं मोठं चित्र कोणं लावलं व?” सुंदराबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा पिशवीत होता, त्यामुळं अक्षरांचा त्रास त्यांना नव्हता.

गुरुजींनी रस्त्याकडं पाहिलं, शकुननं बुंदीचा डबा उगाच सरळ केला.

“आजी, ते माहं चित्र हाय,” करिश्मा शांतपणे म्हणाली. “बाबानं लावलं.” आणि मग दीक्षाच्या कानाशी वाकून, “झेप मस्त आली व तुही.”

दीक्षाला वाटलं, ऑटोतून उडी मारावी. उडी मारण्यात ती तशीही तरबेज होती.

तायड्यांच्या घरात वस्तू नेहमी एकाच दिशेनं वाहत आल्या. अकोल्याच्या करिश्माकडून अमरावतीच्या दीक्षाकडं. करिश्मा तीन वर्षांनी मोठी. तिचे फ्रॉक, शाळेचा गणवेश, कंपासपेटी, गिअरची सायकल, एका दिवाळीला तर तिचे निम्मे जळलेले फुलबाजेसुद्धा अमरावतीला पोचले होते. शकुन प्रत्येक वस्तू लेकीच्या अंगाला लावून बघायची आणि म्हणायची, “जरासं मोठं हाय, वाढत्या अंगाले बरं.” दीक्षाचं अंग एकोणीस वर्षं वाढतच होतं, आणि वस्तू तिच्या मापाची होईपर्यंत दुसरी यायची.

करिश्मा शिकायला अमरावतीला काकांच्या घरी आली तेव्हा फुटबॉलही तसाच आला. करिश्मा कॉलेजच्या संघाची गोलकीपर झाली. सरावाला तिच्यावर चेंडू मारायला कुणीतरी हवं, म्हणून ती दीक्षाला पहाटे ओढून न्यायची. पुढं दीक्षाही गोलमध्ये उभी राहू लागली. हातात करिश्माचे जुने हातमोजे, उजव्या अंगठ्याला फाटलेले. दोन वर्षं ती संघात होती आणि दोन्ही वर्षं बाकावर. बाकावरची जागा तिला कुणाकडून उतरून आलेली नव्हती, तेवढी एक तिची स्वतःची.

महिन्याभरापूर्वी करिश्मा तापानं आडवी झाली. उपांत्यपूर्व सामन्याला गावंडे सरांनी दीक्षाला उभं केलं. करिश्मा बरी होऊन मैदानावर आली, दोनचार दिवस पळाली, आणि उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, “गोलमध्ये दीक्षाच राहील.” करिश्मा “ठीक आहे सर” म्हणाली आणि बुटाची नाडी बांधत बसली. ती नाडी तिनं फार वेळ बांधली.

तो सामना पेनल्टीवर गेला. शेवटचा चेंडू डावीकडं खाली आला आणि दीक्षा त्याच्यामागं गेली. अंगावर जर्सी करिश्माची गेल्या वर्षीची होती, कारण गोलकीपरची नवी जर्सी एकच आली होती आणि ती आधीच करिश्माच्या मापानं शिवलेली. गोलमागं उभ्या असलेल्या एका मैत्रिणीनं फोटो काढला, तो शकुनकडं आला. तिनं आनंदाच्या भरात एक अक्षर न लिहिता तो घरच्या ग्रुपवर टाकला. अकोल्यात अश्विनरावांनी पाठीवरचं नाव वाचलं आणि फ्लेक्सवाल्याकडं गेले.

आता कुणी म्हणेल, गोलमध्ये आता दीक्षा असते हे अकोल्याला सांगायला काय झालं होतं? गुरुजींना वाटलं, शकुननं सांगितलं असेल. शकुनला वाटलं, करिश्मानं बापाला सांगितलं असेलच. दीक्षाला वाटलं, हे सांगायचा हक्क ताईचा. आणि करिश्मा कुणालाच काही वाटू देत नव्हती.

नव्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अश्विनराव अकोल्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य भोंग्यावर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळं घरातही ते कुठलीही गोष्ट दोनदा सांगत.

“भंतेजी आले, भंतेजी आले! चपला बाहेर, चपला बाहेर!”

त्रिशरण-पंचशील झालं, परित्राणपाठ झाला, सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला गेला, भंतेजींना खीर दिली गेली. वंदनेला डोळे मिटून बसलेल्या दीक्षाला जाळीच्या चौकटीच दिसत होत्या. वंदना संपताच शेजारपाजारच्या बायकांनी करिश्माला घेरलं. कुणी तिच्यासोबत सेल्फी काढला, कुणी तिच्या हाताची बोटं दाबून बघितली. एका म्हाताऱ्या शेजारणीनं दीक्षालाही जवळ घेतलं. “तूबी खेळतं का व माय? ताईसारखं खेळाले शिक बरं.”

“हो,” दीक्षा म्हणाली, आणि पाण्याचे ग्लास घेऊन आत गेली.

स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर गुरुजी, शकुन आणि दीक्षा यांची छोटी सभा भरली. आलू-वांग्याच्या भाजीचं पातेलं शेजारी रटरटत होतं, त्यामुळं कुणाला ऐकू जायची भीती नव्हती.

“आज दादाच्या घराचा दिवस हाय,” गुरुजी म्हणाले. “आज नको. सामना झाल्यावर शांतपणे सांगू.”

“सामना झाल्यावर का सांगसान?” शकुन म्हणाली. “चार वाजता आख्खी कॉलनी मैदानावर जाऊन बसन. तवा गोलात कोण उभं हाय ते दिसनच ना त्याईले!”

गुरुजींनी हा मुद्दा खरोखरच लक्षात घेतला नव्हता.

“गुरुजी हाय तो,” दारातून सुंदराबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. “परीक्षा झाल्यावर धडा शिकवते.”

“माय, तू जरा बस ना आत.”

“बसतो. पण ते चित्र दीक्षाचंच हाय. नातीची टाच मले कळत नाई का?”

गुरुजींनी लेकीकडं पाहिलं. “दीक्षे, एक बोलू? तुले अजून लय वर्षं हायेत. करिश्माचं पुढचं साल शेवटचं. पुन्हा तिच्या गावात सामना, बापानं एवढं केलं...” चांगला माणूस होता, आणि चांगली माणसं अशा वेळी नेहमी स्वतःच्याच लेकीकडं मागतात.

दीक्षा जिन्यात जाऊन बसली. दोन वर्षं रोज पहाटे दवानं भिजलेल्या मैदानावर डावीकडं पडून पडून तिच्या कंबरेला कायमचा काळा डाग पडला होता. ती जागा तिला हवी होती. कुठल्याही फ्रॉकपेक्षा, सायकलपेक्षा जास्त हवी होती, आणि एवढी हवी असणं हेच तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. तिनं मोबाईल काढला, सरांना ‘पोट दुखतंय’ एवढं लिहिलं. पाठवायला मात्र बोट खाली जाईना. मग खालून हाक आली.

“पहिली पंगत बसली, पहिली पंगत बसली!”

मांडवात रांगा लागल्या होत्या. अश्विनराव स्वतः बुंदीचं घमेलं घेऊन फिरत होते. करिश्मापाशी येऊन ते थांबले आणि समोरच्या रांगेत बसलेल्या एसटीतल्या मित्रांकडं वळले.

“हे पाहा, हेच ते हात! करिश्मा, सांग बरं यायले, तो शेवटचा गोल कसा अडवला? सांग, सांग.”

करिश्मानं घास गिळला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दीक्षाला शेजारून दिसल्या.

“दीक्षा सांगन,” करिश्मा म्हणाली.

“ती काहून सांगन? ती त बाकावर होती.”

आता आपण बोललो नाही तर ताईला सगळ्यांसमोर बोलावं लागेल, एवढंच दीक्षाला कळलं. ती घाईनं म्हणाली, “हो मोठेबाबा, बाकावरच. आजबी मी बाकावरच बसन. ताईच खेळन आज. माहं पोट दुखून राह्यलं.”

करिश्मानं हळूच मान वळवली. आधी दीक्षाच्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्या ताटाकडं.

“पोट दुखून राह्यलं?”

“हो.”

“तिसरी पुरी चालू हाय तुही.”

समोरच्या रांगेत कुणीतरी हसलं. करिश्मा हसली नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

“म्हंजे तू मले जागा सोडून देऊन राह्यली?”

“तसं नाई ताई...”

“तसंच हाय. माहे फ्रॉक घातले तू, माही सायकल चालवली, माह्या कंपासपेटीतलं अर्धं रबर तू संपवलं. माह्या उतरणीवर वाढलेली पोरगी, अन् आता मले उतरण देऊन राह्यली? मले?” आवाज चढत चढत मांडवाबाहेर गेला. “नाई पाहिजे मले! माही जागा गेली ना, त गेली. मी परत घेईन त माह्या दमावर घेईन. तू मले वापरलेली आणून देऊ नको!”

वाढपी जिथल्या तिथं थांबले. करिश्मानं बापाकडं पाहिलं, आणि आता मात्र तिचा आवाज खाली आला.

“बाबा, तो फोटो माहा नोहे. नाव माहं, जर्सी माही, झेप तिची. मी सांगणार होती, पण तुमी रोज फोनवर एवढे खूश... मले बोलणंच झालं नाई. सरांनी तिले घेतलं. अन् तिलेच घ्याले पाहिजे होतं.” ती थोडी थांबली. “तीन वर्षं तुमी माहे सामने पाहून राह्यले. डाव्या बाजूले अशी उडताना मले कधी पाह्यलं? माही डावी बाजू कच्ची हाय, हे आख्ख्या विद्यापीठाले मालूम हाय. तुमाले सोडून.”

अश्विनरावांच्या हातातला बुंदीचा झारा वरच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट एकदासुद्धा सांगता येत नव्हती.

त्यांच्या बायकोला, प्रियदर्शनीला, ही अडचण नव्हती. “शकुन,” ती वाढता वाढता तिथूनच म्हणाली, “आमी पोरगी तुमच्या भरवशावर ठेवली शिकाले. अन् तुमी तिच्याच जागेवर आपली बसवली?”

“मोठ्या बाई, मी नाई बसवली,” शकुन म्हणाली. ती एरवी जावेपुढं मान वर करत नसे. “मले त ऑफसाईड कशाले म्हंतेत तेबी समजत नाई.”

“आई, काकूले काही म्हणू नको,” करिश्मा म्हणाली. “माह्या तापात काकूच उशाशी बसली होती. तू मोबाईलवर काढे सांगत होती.”

प्रियदर्शनीनं एक क्षण विचार केला आणि तोफ फिरवली. “अन् तुमी हो? पोरगी आठ फूट मोठी करून खांबाले टांगली, तरी आपली हाय का नाई हे बापाले ओळखू येत नाई?”

“तुले तरी कुठं आली?” अश्विनरावांना शेवटी आवाज सापडला.

“मी म्हटलं होतं तुमाले! हिच्या टाचा अशा नाईत म्हटलं. तुमी म्हणले, फ्लेक्सवर फुगतेत.”

“मले त ऑटोतच ओळखू आली,” सुंदराबाई बुंदी चाखत म्हणाल्या. “पण या घरात माहं आयकते कोण? पोरीईचे चेहरे पाहा. दोघीईलेबी धड जेवू देत नाई तुमी. जे काई भांडाचं ते संध्याकाळी भांडा. पंगत उठू द्या.”

गुरुजी हात न धुताच उठले आणि भावासमोर उभे राहिले. “दादा, चूक माही हाय. मीच मघाशी पोरीले म्हटलं, जागा सोड म्हणून.” एवढं बोलायला त्यांना फार जड गेलं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

अश्विनरावांनी भावाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, दीक्षाकडं मात्र पाहिलं नाही. घमेलं खाली ठेवलं, चपला पायात सरकवल्या, आणि स्कूटर काढून निघून गेले. पंगतीला शेवटची बुंदी वाढायची राहिली ती राहिलीच.

दोघी बहिणी करिश्माच्या स्कुटीवरून मैदानाकडं निघाल्या. चौक आला तेव्हा दीक्षानं वर पाहिलं. दोन खांबांच्या मध्ये नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. मोठेबाबांनी फ्लेक्स उतरवलाही होता. तिच्या पोटात खरंच दुखू लागलं.

“ताई, तू नाराज हाय का?”

“हाव. लय.”

“माह्यावर?”

“तुह्यावर थोडीशी. बाकी माह्यावर. त्या सायकलवर मीच तुले मैदानावर नेलं ना.” करिश्मानं गतिरोधकावरून स्कुटी मुद्दाम जोरात उडवली. “अन् पोटदुखीवर सगळ्यात जास्त. आयडिया त जरा चांगली काढाची.”

मैदानावर संघाची बस आली होती. गावंडे सरांनी दोघींना बघून फक्त मान हलवली. सामन्याआधी पहिल्या गोलकीपरवर चेंडू मारून तिला तयार करायचं काम दुसऱ्या गोलकीपरचं. इतकी वर्षं ते काम दीक्षानं केलं होतं. आज करिश्मानं चेंडू एका रेषेत मांडले आणि मारायला सुरुवात केली. तिनं एकही चेंडू हळू मारला नाही. उजवीकडं, पुन्हा उजवीकडं, मग डोक्यावरून, मग डावीकडं इतका खाली की दीक्षाचं तोंड धुळीनं भरलं.

“उठ! ते मूर्तिजापूरवाली दहा नंबर याच्यापेक्षा जोरात मारते!”

चौथ्या-पाचव्या चेंडूला हातमोज्याची अंगठ्याची फाटकी शिवण पार उसवली. दीक्षानं ती दातानं धरून घट्ट करायचा प्रयत्न केला. करिश्मा चालत आली, तिचा हात धरला, अंगठा बघितला.

“हे मीच फाडले होते. सेकंड इयरले.”

“चालते ताई. सवय हाय.”

तेवढ्यात गोलच्या मागं गलका झाला. कॉलनी आली होती, सगळीच्या सगळी. सुंदराबाईंना खुर्ची मिळाली होती, शकुन आणि प्रियदर्शनी एकाच सतरंजीवर, थोडं अंतर ठेवून का होईना, बसल्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढं अश्विनराव फ्लेक्स ताणून धरायला दोन कंडक्टरांना सूचना देत होते. तीच आठ फुटांची पाठ, तीच झेप. मजकुराची ओळ तेवढी आत दुमडून मागून टाचण्यांनी टाचलेली. जर्सीवरच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर निळ्या शाईत, बसच्या पाटीवर लिहितात तशा अक्षरात, ‘दीक्षा’. शुभेच्छुकाचा काळ्या चष्म्यातला फोटो जसाच्या तसा होता. तो दुमडायची त्यांना गरज वाटली नव्हती.

“बाबा, माहं नाव फाडलं का?” करिश्मानं तिथूनच ओरडून विचारलं.

“फाडलं नाई, झाकलं, झाकलं! पुढच्या साली कोणाचं काम पडन, कोणाले मालूम?” मग त्यांनी दीक्षाकडं पाहिलं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण पुढचं वाक्य जाळीपाशी येऊन हळू म्हणाला, आणि एकदाच म्हणाला. “बेटा, टाच ओळखाले पाहिजे होती मी.”

दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं धुळीच्या नावावर खपवलं.

करिश्मा पाठमोरी उभी राहून आपले हातमोजे काढत होती. निळे, याच हंगामात घेतलेले, तळव्याला अजून नवा चिकटपणा असलेले. तिनं ते दीक्षाच्या छातीवर आदळले.

“घाल.”

“अन् तू?”

“बाकावर हात भाजतेत का माहे? घाल लवकर.”

दीक्षानं फाटके मोजे काढले, निळ्यात बोटं सरकवली. आत अजून करिश्माच्या हाताची ऊब होती. सवयीनं तिनं बोटांची टोकं चाचपून बघितली, किती सैल आहेत ते. मोजे कुठंच सैल नव्हते.

“अन् आईक,” करिश्मा म्हणाली. “हे उतरण नोहे. सामना झाला की मले परत पाहिजेत.”

दीक्षानं वर पाहिलं. एकोणीस वर्षांत ताईकडून आलेली कुठलीही वस्तू कधी परत मागितली गेली नव्हती.

“देईन ना ताई.”

“तू काय देशीन?” करिश्मा बाकाकडं चालू लागली होती. “घेईन मी.”

दीक्षानं मनगटाचा पट्टा आवळला, डाव्या खांबाला एकदा हात लावला, आणि गोलच्या मधोमध येऊन उभी राहिली.